कडेचा तुकडा

३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले तरी तुझं जेवण अजून रुळावर नाही, हे काही मला आवडलं नाही. भट्टीवाल्याला म्हणावं, आत्या जेवल्याशिवाय रंगाच्या हंड्याखाली जाळ करायचा नाही. वीस वर्षं तुझ्या हाताखाली काम करून तो तुझं ऐकत नाही, पण माझं ऐकेल. मी लांब असतो ना.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्रांचं बरं आहे. लॅबमधली पोरं हसतात. पोस्टाची तिकिटं कुठे मिळतात हे इथे फक्त मला माहीत आहे.

नव्या नोकरीत नक्की करतोस काय, असं तू विचारलंस. रंगकाम करतो. थट्टा नाही. यकृताच्या कॅन्सरची गाठ ऑपरेशनमध्ये काढली की तिचा एक तुकडा मेणाच्या वडीत बसवून आमच्याकडे येतो. मी त्या वडीची केसाहून पातळ चकती कापतो, कोमट पाण्यावर तरंगवतो, काचपट्टीवर उचलतो आणि रंगवतो. रंग असा की, एक ठरावीक प्रथिन जिथे असेल तिथेच तपकिरी बसतो. बाकी सगळं फिकट निळं राहतं. तपकिरी किती, यावरून दोन गोष्टी सांगता येतील का, हे आमच्या बाई शोधताहेत. बाई म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. एक, ऑपरेशननंतर दुखणं परत येण्याची भीती कोणाला जास्त. दुसरी, इम्युनोथेरपी कोणाला लागू पडेल. इम्युनोथेरपी म्हणजे आपल्याच शरीरातल्या डुलक्या काढणाऱ्या पहारेकऱ्यांना जागं करणारं औषध.

आता तुला आवडेल असं. नवा हंडा उतरला की तू कापड त्या जुन्या नमुन्याच्या चिंधीशेजारी धरतेस ना, तसंच आमचं. प्रत्येक काचेवर मधोमध पेशंटचा तुकडा आणि कडेला एक नमुन्याचा तुकडा, हमखास गडद रंगणारा. तो गडद उतरला तर त्या दिवसाचं रंगकाम बरोबर. तो फिका पडला तर सगळी खेप बाद. सध्याचा कडेचा तुकडा असा रंगतो की तू पाहिलास तर हंडा सोडून बघत राहशील. कडक कॉफीसारखा.

तुझा,
खुळ्या


१४ ऑगस्ट

प्रिय खुळ्या,

माझ्या जेवणाची चौकशी आता पुरे. भट्टीवाला रोज ताटात डोकावतो, तेवढं बस आहे.

जीवशास्त्रात काठावर सुटलेला आमचा पोरगा आता माणसांची यकृतं कापतो, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यानं शाळेत असताना निळ्या पडद्यांवर पाडलेला डाग अजून निघाला नाही, आणि त्याच्या हातात यकृत दिलं?" मी म्हटलं, आता तो डाग पाडण्याचेच पैसे घेतो.

मला एक सांग. तो कडेचा तुकडा कोणाचा? जिवंत माणसाचा की गेलेल्याचा? आणि ज्यांचा तुकडा गडद रंगतो, ती माणसं पुढे किती दिवस काढतात? इतक्या दिवसांत तुमच्या बाईंना काही अंदाज आला असेलच. मी रंगारी. कोणी गडद म्हटलं की पुढचं विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

सरळ लिही. गोडगोड लिहू नकोस, मला त्याचा कंटाळा आला आहे.

तुझी आत्या


२५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तू म्हणतेस म्हणून सरळ लिहितो. नमुन्यांबद्दल लॅबबाहेर बोलायचं नाही असं आमच्याकडून लिहून घेतलंय, पण तू कोणाला सांगणार? त्या गावात तुझ्याशी बोलायचं म्हणजे भट्टीवरून ओरडावं लागतं.

आमची जुनी नमुन्याची वडी एप्रिलमध्ये संपली. तेव्हा बाईंनी अभ्यासातल्याच एका पेशंटची वडी निवडली. तुकडा चांगला मोठा, रंग जबरदस्त, आणि उरलेला भाग कामासाठी वापरायला पेशंटची सहीही होती. नाव आम्हाला कळत नाही, नुसता क्रमांक. तीनशे बारा. तेव्हापासून त्या वडीला सगळे तीनशे बाराच म्हणतात. सकाळी कामावर आलो की एकमेकांना विचारतो, "काय, आज तीनशे बारांची तब्येत कशी आहे?" गडद उतरले की म्हणायचं, "ठणठणीत."

जिवंत की गेलेला? अगं, इतका गडद तुकडा असल्यावर विचारायचं कशाला. असे गडदवाले वर्षसुद्धा काढत नाहीत, असं कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतात. तीनशे बारा बिचारे केव्हाच गेले असतील, आणि इथे रोज सकाळी त्यांची हजेरी लागते. गंमतच आहे एकेक.

तू विचारतेस ते मला आवडतं. रंग बघायला तूच शिकवलंस. सकाळी एक काच नुसत्या डोळ्यांनी उजेडाला धरून मी सांगितलं, हा रंग दोन मिनिटं जास्त राहिला. बाईंनी घड्याळाची नोंद काढून पाहिली. दोनच मिनिटं.

तुझा,
खुळ्या


२९ सप्टेंबर

प्रिय खुळ्या,

उत्तराला उशीर झाला. आवराआवर चालली होती.

कारखान्याच्या किल्ल्या भट्टीवाल्याकडे दिल्या. नवी कामं घेणं थांबवलंय, हातात आहेत ती तो पुरी करील. दर तीन आठवड्यांनी एके ठिकाणी जायचं ठरलं होतं, तेही रद्द केलं. उगाच हेलपाटे कोणी घालायचे?

माझ्या रंगांच्या वह्या तुझ्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. कोणता रंग, पाणी किती गरम, कापड किती वेळ बुडवायचं, सगळं आहे. लाल कव्हराची वही आधी वाच, तिच्यात माझ्या चुका आहेत. कधी येशील तेव्हा घेऊन जा. येण्याची घाई करू नकोस.

तू कामात रमलास, बरं वाटलं.

तुझी आत्या


८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

अखेर किल्ल्या सोडल्यास तर. अभिनंदन. भट्टीवाल्यानं तुझ्या हातातून त्या काढून घेतल्या की तू दिल्यास, हे मात्र मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. आता सकाळी सातपर्यंत लोळ. नखांतला निळा रंग जायला किती महिने लागतात, तेही कळव.

ते दर तीन आठवड्यांनी जायचं काय होतं? दातांचा डॉक्टर असेल तर रद्द करू नकोस. तुला मी ओळखतो. एक दाढ ठणकत असताना तू सबंध शाळेचे गणवेश रंगवून दिले होतेस.

इकडे तीनशे बारांची वडी संपत आली. फार तर तीन आठवडे पुरतील एवढ्या चकत्या निघतील. मग दुसरं कोणीतरी शोधावं लागेल. सगळ्यांना चुटपुट लागली आहे. असा रंग पुन्हा मिळायचा नाही.

वह्या न्यायला डिसेंबरात येतो.

तुझा,
खुळ्या


१४ ऑक्टोबर

प्रिय खुळ्या,

पित्तात खडे नव्हते. फेब्रुवारीत माझ्या यकृतातली गाठ काढली. त्याच आठवड्यात तुझी या नोकरीची मुलाखत होती, म्हणून तुला खडे सांगितले. नंतर खरं सांगायला जीभ रेटेना, मग खडेच चालू राहिले.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलवाल्यांनी एका कागदावर सही घेतली. उरलेला भाग अभ्यासासाठी बाहेर पाठवू म्हणाले. कुठे, ते मी विचारलं नाही. एक कार्ड दिलं. कार्डावर नाव नाही. 'सहभाग क्रमांक ३१२' एवढंच आहे.

जुलैच्या तपासणीत पुन्हा तीन लहान डाग दिसले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पहारेकऱ्यांना जागं करणारं औषध सुरू करणार होते. त्याआधी आपल्या माणसाकडून खरं काय ते समजून घ्यावं, म्हणून तुला विचारलं. तू सरळ लिहिलंस. मी त्यांना नको म्हणून कळवून टाकलं. वर्ष काढायचं नसेल तर त्यातला निम्मा वेळ सुया टोचून घेण्यात कशाला घालवायचा?

तीनशे बारा गेलेले नाहीत. आज सकाळी त्यांनी दोन हंडे ढवळले.

येऊ नकोस. तुझा चेहरा बघायची आत्ता माझ्यात ताकद नाही.

आत्या


१८ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं. मी ते कामाच्या टेबलाशी उभ्या उभ्या उघडलं. समोर चोवीस काचा वाळत ठेवल्या होत्या. चोवीस काचांच्या कडेला तू होतीस.

 मी पत्र परत वाचलं. तीनशे बारा हा आकडा मी चुकीचा वाचला असेन असं वाटलं. वडी काढली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा पत्र वाचलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय, तीनशे बारा आज कसे आहेत?" मी वडी मुठीत लपवली. ती घाबरली. 

एप्रिलपासून, आत्या. रोज चोवीस, कधी अठ्ठेचाळीस. मी तुला कापलं, गरम पाण्यात धरलं, रंगवलं, भिंगाखाली ठेवून शाबासकी दिली. तू गेलीस असं धरून चाललो, आणि ते तुलाच लिहून कळवलं. वर गंमत आहे म्हणालो.

काल बस स्टँडवर गेलो. तिकीट काढलं. बस लागली, माणसं चढली, मी चढलो नाही. तू येऊ नकोस म्हणालीस म्हणून नाही. मला भीती वाटली. दार उघडून तू समोर उभी राहिलीस तर काय बोलू, ते सुचेना.

एकच सांगतो. मी लिहिलं ते मला माहीत नव्हतं. मी फक्त रंगवतो. कोणत्या क्रमांकाचं पुढे काय झालं ते आमच्यापर्यंत येत नाही, मुद्दाम येऊ देत नाहीत. वर्षाची गोष्ट मी कॅन्टीनमध्ये ऐकली होती. चहा पिता पिता ऐकलेलं तुला लिहून पाठवलं.

उद्या बाईंना सगळं सांगतो. तोवर काही ठरवू नकोस. ठरवलं असशील तरी ठरवू नकोस.

खुळ्या


२२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

बाईंना सांगितलं. मी तुला पत्रांत काय लिहिलं, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "औषध नाकारून किती दिवस झाले?" मी म्हटलं, सात आठवडे. त्या म्हणाल्या, "आधी ते बोलू. तुझं नंतर."

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्यासमोर बसून लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. तेच खाली उतरवतो.

कॅन्टीनमधली गोष्ट जुन्या काचांवरून निघाली आहे. त्या माणसांचं फक्त ऑपरेशन झालं होतं, हे औषध तेव्हा नव्हतं. त्यांच्यातल्या गडद रंगवाल्यांपैकी साधारण निम्म्यांचं दुखणं वर्षाच्या आत परत आलं. दुखणं परत आलं. माणसं गेली असं नाही. पुष्कळांवर पुन्हा उपचार झाले. 'वर्ष काढत नाहीत' हे कॅन्टीननं तयार केलं.

दुसरं. ज्यांना हे औषध दिलं, त्यांच्यात आतापर्यंत फिक्यांपेक्षा गडदवाल्यांना जास्त गुण आलेला दिसतो. म्हणजे गडद रंग एका प्रश्नाचं वाईट उत्तर आहे आणि दुसऱ्याचं कदाचित चांगलं. मी तुला पहिलंच उत्तर कळवलं, तेही चुकीचं.

इथे बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "कदाचित हा शब्द खोडू नकोस. माणसं अजून थोडी आहेत. गडदवाल्यांतही काहींना काहीच फरक पडलेला नाही. तू हे हमी म्हणून लिहिलंस तर ती दुसरी चूक होईल, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असेल." म्हणून हमी नाही. त्या तुला परस्पर सल्लाही देऊ शकत नाहीत. पण तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि विचार, सात आठवड्यांनी औषध सुरू करता येईल का. एवढंच विचार.

माझं सांगायचं तर, अभ्यासाच्या कामातून मला काढलं आहे. चौकशी बसेल. सध्या खालच्या मजल्यावर बाटल्या धुतो. तुझी वडी कपाटात बंद केली. आता ती काचेवर येणार नाही. बाईंनी स्वतः कुलूप लावलं, आणि मी तिथेच उभा होतो.

तू मला शिव्या दे. नुसती गप्प बसू नकोस.

तुझा,
खुळ्या


३१ ऑक्टोबर

प्रिय खुळ्या,

शिव्या देते. गाढवा, मूर्खा, अर्धवटा. दोन महिने मी रोज सकाळी उठून आरशात बघत होते, आज किती उरली. कपाटातल्या साड्या वाटून टाकल्या. चांगली मोरपंखी होती, ती शेजारणीला दिली. ती आता नेसून माझ्याच दारावरून जाते आणि मला परत मागता येत नाही.

तुझं बावीस तारखेचं पत्र वाचलं आणि खाली बसले. वाचून आनंद झाला असं समजू नकोस. मरणाला मी जागा करून दिली होती. सगळं आवरून झालं होतं. आता पुन्हा तो 'कदाचित' घेऊन उभं राहायचं, याचा धक्का मला पहिल्यापेक्षा मोठा बसला. दोन दिवस मी भट्टीवाल्याशीसुद्धा बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं रिक्षा दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "हॉस्पिटलात चला, नाहीतर मी आत येऊन उचलतो." साठी उलटलेला माणूस. मला उचलायला गेला असता तर दोघांनाही दाखल करावं लागलं असतं.

डॉक्टरांना विचारलं. ते रागावले, मग म्हणाले, करता येईल. नवा स्कॅन काढला. डाग तीनच आहेत, थोडे वाढलेत. काल पहिली बाटली लागली. एका लांबट खोलीत आठ खुर्च्या, खिडकीशी मी. सुई गेली तेवढी दुखली. बाकी तासभर छताकडे बघायचं.

आता नीट वाच. फेब्रुवारीत भरलेल्या अर्जावर 'निरोप कोणाला द्यायचा' असा एक रकाना होता. तो मी रिकामा ठेवला होता. काल तिथे तुझं नाव लिहिलं, आणि खाली सही करून वेगळं पत्र दिलं: जानेवारीच्या स्कॅनचा रिपोर्ट आधी याला पाठवा, मला नको. ते दोनदा विचारत होते, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

रिपोर्ट तुझ्या हातात पडेल. जे असेल ते तू येऊन मला सांगायचं. पत्रानं नाही. माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघून, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. कडेच्या तुकड्याबद्दल लिहिणं सोपं असतं. तू एकदा ते केलंस. आता अवघड ते कर.

तुझी आत्या


६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मान्य.

हा एक शब्द लिहायला चार दिवस लागले. हॉस्पिटलचा फोन आला होता, माझा पत्ता विचारायला. फोनवरची बाई म्हणाली, तुम्ही पेशंटचे कोण? मी म्हटलं, भाचा. इतकं सोपं उत्तर, ते मला दोनदा म्हणावं लागलं.

चौकशी झाली. नोकरी राहिली, पण वर्षभर नमुन्यांना हात लावायचा नाही. बाटल्या स्वच्छ निघताहेत.

तुझा,
खुळ्या


२ फेब्रुवारी

प्रिय खुळ्या,

तू परत गेलास त्याला दोन दिवस झाले.  जमेल तेवढंच लिहिते.

तू दारात आलास. चपला काढल्यास, परत घातल्यास, पुन्हा काढल्यास. समोर बसलास. माझ्या तोंडाकडे बघितलंस, तेवढं कबूल करते. मग तुझे ओठ हलले. मला वाटलं, माझे कान आता पुरतेच गेले. भट्टीवाल्याकडे वळून विचारलं, काय म्हणतोय? तो म्हणाला, "काहीच नाही. आवाजच फुटत नाहीये त्याचा."

तेव्हा मला वाटलं, झालं. मी खुर्चीचा हात धरला. मनात आलं ते अगदी फालतू. भट्टीवर जांभळा हंडा आहे, तो आता कोणी उतरवायचा? तुला जवळ घ्यावं असं वाटलं आणि उठता येईना. तू कागद माझ्या मांडीवर ठेवलास आणि डोकं खाली घातलंस. चष्मा नव्हता. मग भट्टीवाल्यानं तो कागद उचलला आणि हंड्याच्या आवाजावर ओरडायची सवय असल्यामुळे तसाच ओरडून वाचला. दोन डाग निम्मे. तिसरा होता तेवढाच. नवा नाही.

मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा आणवून स्वतः वाचलं. तू रडत होतास आणि मी तुला हाका मारत होते, अरे हे चांगलं आहे का वाईट, एवढं तरी सांग. तू मान हलवलीस. कशी हलवलीस ते मला अजून कळलेलं नाही. वाईटाची माझी पुरी तयारी होती. याची काहीच नव्हती. तू दोन घास खाऊन झोपलास, आणि मी तिथेच बसून राहिले, कोणीतरी अंगावर गार पाणी ओतल्यासारखी.

पुढच्या वेळीही तूच सांगायचंस. या वेळी तू परीक्षेत पास झालास असं मी धरत नाही.

काल डॉक्टरांकडे गेले. बाराला पुढची बाटली. त्यांना विचारलं, आता किती दिवस? गोडगोड नको. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "खरं सांगू? पुढचं सांगता येत नाही."

वर्षभरात इतकं चांगलं वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. मी त्यांना ते परत म्हणायला लावलं, जरा मोठ्यानं.

तुझी आत्या